केबलला हात लावायचा नाही

सणसवाडीच्या कारखान्यात मी टेस्टिंगला लागले, त्या दिवशी काकूंनी मला सगळ्यात आधी केबल कुठं धरायची ते शिकवलं. काकू केंदूरच्या. शेतातलं उरकून, डबा घेऊन, कामगारांच्या जीपमधून यायच्या, आणि माझ्या कितीतरी आधीपासून त्या टेबलावर होत्या. केबलवर एका ठिकाणी लाल टेप गुंडाळलेली होती. "हितं चिमटीत धरायचं, मॅडम," त्या म्हणाल्या. "धरलं की पास होतंय."

आमचा कारखाना म्हणजे नगर रस्त्यापासून आत, पत्र्याची एक लांब शेड. तिथं बिनतारी स्टार्टर बनत. एक डबा नदीवरच्या मोटरीपाशी बसवायचा आणि दुसरा शेतकऱ्याच्या घरी. घरी बटण दाबलं की तिकडं मोटर चालू. या डब्याचा निरोप त्या डब्याला रेडिओनं जायचा, आणि त्यासाठी प्रत्येक डब्यात एक अँटेना असायची. अँटेना म्हणजे हिरव्या बोर्डावर छापलेले तांब्याचे दोन सारखे हात, एक डावीकडं, एक उजवीकडं. डब्यात बसवायच्या आधी ती मशीनला जोडून बघायची, हे माझं काम. मशीनच्या पडद्यावर एक रेघ दिसते. रेघेत जिथं खोल खड्डा पडतो, त्या फ्रिक्वेन्सीला अँटेना नीट चालते. खड्डा जागेवर असला की ओकेचं स्टिकर आणि खाली माझी सही.

मी टेपपाशी धरलं नाही. केबल तशीच टेबलावर राहू दिली, तर खड्डा भलतीकडंच. मग हात ठेवला आणि केबलवरून हळूहळू सरकवत नेला. हाताबरोबर पडद्यावरचा खड्डाही सरकत गेला. लाल टेपपाशी आल्यावर तो बरोबर जागेवर बसला. मी काकूंना विचारलं, असं का करायचं? त्या म्हणाल्या, आधीचे साहेब असंच करायचे. ते साहेब केव्हाच नोकरी सोडून गेले होते, टेप मात्र राहिली होती.

मी शिकले होते ते पुस्तकात होतं, आता ते डोळ्यांपुढं दिसत होतं. काकूंना मी कागदावर काढून दाखवलं. केबलमध्ये एक तार आत असते आणि तिच्याभोवती जाळीचं कवच. अँटेनाचे दोन्ही हात मात्र सारखे, दोघांना सारखाच करंट लागतो. केबल सरळ अँटेनाला जोडली की कवचाच्या बाजूचा थोडा करंट अँटेनात न जाता कवचाच्या बाहेरून माघारी पळतो. मग अख्खी केबलच अँटेना होऊन बसते, आणि तिला हात लावला की आपणसुद्धा.

"म्हंजी गळती," काकू म्हणाल्या.

गळतीच ती. आणि ती थांबवायला दोघांच्या मध्ये एक जोड लागतो, त्याला बॅलन म्हणतात. काकूंना ते बलूनसारखं ऐकू आलं आणि त्या दिवसापासून त्या त्याला फुगाच म्हणायला लागल्या.

दुपारी मी मालकांकडं गेले. मालक शिरूरकडच्या बागायतदार घरातले. स्टार्टर दुरुस्त करता करता त्यांनी हा कारखाना उभा केला होता आणि ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आजही म्हणते. मी म्हणाले, आपण अँटेना तपासतच नाही, केबल आणि काकूंचा हात तपासतो. शेतातल्या डब्यात ना केबल असते, ना काकू. त्यांनी विचारलं, मशीन पास म्हणतंय ना? मी म्हटलं, म्हणतंय, पण खोटं. ते हसले. नवीन माणूस असंच करतं म्हणाले, आणि बॅलन बाहेरून मागवायला किंवा बनवायला सीझनमध्ये कुणालाही वेळ नाही, हेही सांगितलं. सही करून माल सोडा.

मी सही केली नाही.

हे लिहायला सोपं वाटतं, तेव्हा नव्हतं. मी दौंडची. वडील रेल्वेत ट्रॅकवर होते, रिटायर झालेत. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचा अभ्यास चालायचा, तिथंच बसून मी बारावी केली, मग इंजिनिअरिंग. आई अजून रेल्वेच्या परीक्षेच्या जाहिराती मोबाइलवर पाठवत होती. ही नोकरी मला नकोशी झालेली तिला चाललीच असती. मला ती हवी होती. पण ज्या कागदावर खोटं आहे हे मला ठाऊक आहे, त्याच्या खाली माझं नाव कशाला?

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. सहीचं काम आता स्टोअरवाल्याकडं दिलंय, तुम्ही पॅकिंगला बसा, म्हणाले. मी काहीतरी बोलायला गेले, तसे ते चिडले आणि त्यांचं घरचं बोलणं बाहेर आलं. "तुम्हा लोकांचं हेच हाय. जरा शिकलं की डोक्यात जातंय."

मी विचारलं, "कोण लोक, सर?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला. "शिकलेले," म्हणाले.

"हां," मी म्हटलं. "शिकलेय मी." आणि पॅकिंगला जाऊन बसले.

मला वाटतं त्यांना अपेक्षा होती की आठवड्याभरात मी राजीनामा तरी देईन नाहीतर नमतं तरी घेईन. मी दोन्ही केलं नाही. दिवसभर डबे भरले, चिकटपट्टी मारली, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन बॅलन बनवायला घेतला.

खोली भाड्याची, वरच्या मजल्यावर, एका ओडिशाच्या मुलीबरोबर. ती गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत लाइनवर होती. मला बनवायचा होता मायक्रोस्ट्रिप बॅलन. त्याला वेगळा पार्ट लागत नाही, तो सर्किट बोर्डाच्या तांब्यातूनच कापून निघतो. बोर्डाच्या वरच्या बाजूला तांब्याची अरुंद पट्टी, खालच्या बाजूला पूर्ण तांबं. या खालच्या तांब्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. केबलच्या टोकाला ग्राउंड रुंद ठेवायचं आणि मग ते हळूहळू निमुळतं करत न्यायचं, इतकं की दुसऱ्या टोकाला खालची पट्टी वरच्या पट्टीएवढीच व्हावी. एका टोकाला एक पट्टी मोठी आणि एक लहान, दुसऱ्या टोकाला दोन्ही सारख्या. त्या सारख्या टोकाला अँटेनाचे दोन हात जोडायचे. निमुळतं व्हायला मात्र पुरेशी लांबी द्यावी लागते. घाई केली तर करंटला ते वळण समजत नाही, तो माघारी फिरतो.

डिझाइन मी लॅपटॉपवर काढलं. हमरस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते गुळगुळीत कागदावर छापून घेतलं. दुकानदाराला ते लांबट त्रिकोणासारखं चित्र बघून रांगोळीचा साचा वाटला. मग तो कागद तांब्याच्या बोर्डावर उलटा ठेवून वरून कपड्यांची इस्त्री फिरवायची, म्हणजे छापाची शाई तांब्यावर उतरते. ओडिशाची मुलगी बोर्ड कापडानं धरायची आणि मी दाबायचे. "दीदी, ये कपडा कब सूखेगा?" असं ती दरवेळी विचारायची आणि स्वतःच हसायची. शेवटी बोर्ड फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत राहायचा. शाई असेल तिथलं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. हे पाणी गॅलरीच्या फरशीवर सांडलं आणि गंजासारखा मोठा डाग पडला. घरमालकीण डाग बघून वर आल्या. लिंबू, सोडा, सगळं करून झालं होतं. खोली सोडताना फरशी बदलून द्यायची, असं ठरलं.

पहिला बॅलन चालला नाही. माझ्याकडं बोर्डाचा तुकडा आखूड होता, म्हणून मी निमुळता भाग आखडता घेतला होता. माझं स्वतःचं तळहाताएवढं छोटं टेस्टिंग यंत्र होतं, स्वस्तातलं, पण कामाचं. त्याला जोडून केबलवर हात फिरवला तर खड्डा सरकलाच. आधीपेक्षा कमी, पण सरकला. मी तो बोर्ड पलंगाखाली टाकला आणि त्या रविवारी दौंडला घरी गेले.

वडिलांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. ते कमी बोलतात. रुळाच्या कामात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी बराच वेळ ऐकून एवढंच विचारलं, "तुझं बरोबर आहे का, याची खात्री आहे?"

"आहे."

"मग आखूड कशाला करतेस? मोठा तुकडा आण."

आई आतून म्हणाली, आधी तो रेल्वेचा फॉर्म भरायला सांगा तिला.

मी मोठा तुकडा आणला. आता निमुळता भाग चांगला वीतभर झाला. एकसारखे दोन बनवले, कारण बॅलन खरा आहे की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. दोघांची सारखी टोकं एकमेकांना जोडायची आणि एका बाजूनं सिग्नल सोडायचा. जवळजवळ सगळा दुसऱ्या बाजूनं बाहेर आला, तर मध्ये कुठं गळत नाही. माझ्या जोडीतून तो आला. मी पुन्हा पुन्हा बघितलं, कनेक्टर काढून, लावून. मग एका बॅलनला अँटेना लावली आणि केबलवरून हात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. रेघ हलली नाही. रूममेटला हात फिरवायला लावला. तिनं तर केबल मुठीत धरली. रेघ जागेवर.

पण खड्डा जागेवर नव्हता. आणि हे खरं दुखणं होतं. अँटेनाचे हात आखूड छापले गेले होते. कारखान्यात केबल ती उणीव भरून काढत होती, लाल टेपपाशी धरलेला हात नेमकी तेवढीच लांबी देत होता. शेतात डब्याला केबल नाही, त्यामुळं अँटेना भलत्याच फ्रिक्वेन्सीला ओरडत होती आणि समोरच्या डब्याला ऐकू जात नव्हतं. म्हणून ऑफिसात सारख्या रेंजच्या तक्रारी यायच्या.

त्यातली एक तक्रार पाटसकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदारांची होती. त्यांनी डबा कितीदा तरी बदलून घेतला होता आणि त्यांचा फोन आला की ऑफिसातली माणसं फोन एकमेकांकडं सरकवायची. पॅकिंगच्या खोक्यावर त्यांचा पत्ता होता. पुढच्या एका रविवारी मी बॅलन, यंत्र, सोल्डरिंग गन आणि तांब्याच्या पट्टीचा रोल पिशवीत घालून त्यांच्या वस्तीवर गेले. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची होती, म्हणून बरं झालं.

मी कारखान्यातून आले म्हटल्यावर आप्पा, म्हणजे ते बागायतदार, खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, कारखान्यात दोन्ही डबे शेजारी ठेवले की चालतात, इथं आणले की बंद. तुमचा माणूस आला होता, त्यानं डबा हातात धरला तेव्हा मोटर चालू झाली. मग ते म्हणाले, "आता म्या रोज नदीवर जाऊन डब्याला हात लावून हुबं ऱ्हाऊ का? मंग मोटरच हातानं चालू करीन की."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तुमच्या कंपनीतलं कुणी असं म्हणालं नव्हतं, म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

नदीवरचा डबा त्यांनी घरी काढून आणलेलाच होता. तो उघडला, अँटेना सुटी केली, बॅलनला लावली आणि यंत्रावर आप्पांना खड्डा दाखवला. हा इथं आहे, तो तिथं पाहिजे. मग अँटेनाच्या दोन्ही हातांना तांब्याच्या पट्टीचे छोटे तुकडे डकवून सोल्डर केले, दोन्हीकडं सारखे, आणि कात्रीनं केसभर केसभर कापत गेले. प्रत्येक काप झाला की खड्डा सरकायचा. आप्पा वाकून बघत होते आणि कापायच्या आधी मला थांबवायचे, "बेतानं." खड्डा जागेवर आला तेव्हा ते मला म्हणाले, आता कात्री ठेव.

घरच्या डब्याचंही तसंच केलं. मग त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून नदीवर गेला आणि तिथला डबा बसवून फोन केला. आप्पांनी घरातलं बटण दाबलं. फोनवर मुलगा काही बोलायच्या आत मोटरीचा आवाज आला. आप्पांनी बटण पुन्हा दाबून बंद केली, पुन्हा चालू केली. सहा-सात वेळा तरी केलं असेल. मुलगा फोनवर वैतागला, मोटर जाळता का म्हणाला.

सोमवारी मालकांना आप्पांचा फोन आधीच गेलेला होता. मी शेडमध्ये पाय ठेवते तोच बोलावणं आलं. परवानगी न घेता गिऱ्हाइकाकडं गेले, कंपनीचा माल खराब आहे असं बाहेर सांगून आले, हे त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं. मी म्हणाले, हो, गेले. आणि बॅलन त्यांच्यापुढं ठेवला. टेबलावर चला, तुम्ही स्वतः केबलवर हात फिरवा, रेघ हलली तर मी आजच जाते.

ते आले. आधी जुन्या पद्धतीनं केबल लावली, त्यांनी हात फिरवला, खड्डा हाताबरोबर पळाला. मग मध्ये बॅलन लावला. त्यांनी हात फिरवला. थांबले. केबल दोन्ही हातांनी धरली, अंगाला गुंडाळली म्हटलं तरी चालेल. रेघ हलली नाही. सगळी शेड बघत होती. ते म्हणाले, "पुढच्या लॉटला बघू. हा लॉट बराचसा पॅक झालाय, आज गाडी येणार आहे. काकू, राहिलेल्या अँटेना घ्या."

म्हणजे तीच लाल टेप, तीच चिमूट. मी काकूंकडं बघितलं नाही. त्यांना घर होतं, मुलगी शिकत होती, त्यांच्यावर माझं ओझं नको होतं. मी म्हणाले, मी एकही खोकं गाडीत चढवणार नाही. मालक म्हणाले, दुसरं कुणी चढवेल.

तेवढ्यात काकू स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"म्या बी न्हाई धरत," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आमच्या केंदुरात बी तुमचं डबं हायेत, साहेब. लोक मला इचारत्यात."

स्टोअरवाल्यानं सहीचा पेन खिशात घातला होता, तो खिशातच राहिला. मालकांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग ते खोलीत गेले. थोड्या वेळानं गाडीवाल्याला फोनवर उद्या ये म्हणताना ऐकू आलं.

उद्या नाही, गाडी चांगली आठवड्यानं आली. आम्ही सगळी खोकी फोडून प्रत्येक अँटेनाचे हात लांबवले. काकूंनी सोल्डरिंग शिकून घेतलं आणि माझ्यापेक्षा स्वच्छ करायला लागल्या. टेबलावर माझा बॅलन कायमचा बसला. मालकांनी माफी मागितली नाही. गिऱ्हाइकांना त्यांनी सांगितलं की कंपनीनं नवीन मॉडेल आणलंय. बॅलन छापायला पुण्याला पाठवताना ड्रॉइंगवर त्यांनी डिझायनर म्हणून स्वतःचं नाव घातलं. मी ते खोडलं आणि माझं घातलं. त्यांनी बघितलं, आणि तसंच छापून आलं.

पॅकिंगवरून मला परत टेस्टिंगला घेतलं, पण आमच्यात जे झालं होतं ते झालं होतं. "तुम्हा लोकांचं" हे शब्द माझ्या कानातून गेले नाहीत, आणि ते जावेत अशी माझी इच्छाही नाही. वर्षभरानं मी नोकरी सोडली. घरमालकिणीला फरशी बदलून दिली. आता दौंडला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. छोट्या कंपन्यांच्या अँटेना मी डिझाइन करून, तपासून देते. आईला पुढच्या खोलीत पाहुणे बसवता येत नाहीत याचं वाईट वाटतं, रेल्वेच्या जाहिराती मात्र थांबल्या आहेत.

सध्या बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीचा एक बॅलन करतेय. तिथं हिरव्या बोर्डाचं काम नाही, बोर्ड महागाचा लागतो आणि पट्टी केसाएवढी चुकली तरी सगळं बिघडतं. माझे आतापर्यंतचे सगळे तुकडे वाया गेलेत. ज्यांच्यासाठी करतेय त्यांचा माणूस काल आला होता. तो म्हणाला, मॅडम, इतकं कशाला, परदेशी तयार मिळतो, तो आणू. मी त्याला म्हटलं, तुम्हाला आणायचा तर खुशाल आणा. मी माझा करणार आहे. आज सकाळी नवा बोर्ड कापलाय, ग्राउंड आधीपेक्षा जास्त सावकाश निमुळतं केलंय. वडील दारात खुर्ची टाकून बसलेत, आणि कुणी आलं की आतल्या कामाला वेळ लागेल म्हणून सांगताहेत.